हरवलेले दहावे नाणे
(कुटुंबासाठी अभ्यासपाठ: चिमुकल्यांचे गणित आणि आपल्या घरातील गोष्टी)



संत लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशूने एका बाईची गोष्ट सांगितली आहे. तिच्याजवळ चांदीची दहा नाणी होती. त्यातले एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडून काढले, कोपरा न् कोपरा धुंडाळला आणि नाणे सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद केला. ही गोष्ट आपण पापी माणसाच्या परत येण्याची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती तशीच आहे. पण तिच्यात एक साधी बाब दडलेली आहे. त्या बाईला मोजता येत होते. नऊ नाणी समोर असताना दहावे नाही, हे तिच्या लक्षात आले. ज्याला मोजता येत नाही, त्याला काही हरवल्याचेही कळत नाही, आणि तो शोधायलाही निघत नाही.

आजचा पाठ तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरांसाठी आहे. आईवडील, आजीआजोबा, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेतलेले धर्ममातापिता, बालवाडीच्या ताई आणि रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात लहानग्यांना सांभाळणारे आपले तरुण, या सर्वांनी तो वाचावा. प्रश्न असा आहे की लहान मुलाला गणिताची पहिली ओळख कशी करून द्यावी? आणि उत्तर आपल्या घरातच आहे: गोष्टींमधून.

‘आमच्या पिंट्याला शंभरपर्यंत येतं!’

आपल्या नागपुरात गल्लोगल्ली ‘कॉन्व्हेंट’ आहेत. सिस्टरांचा मठ जवळपास नसला तरी इंग्रजी नर्सरीला आपण कॉन्व्हेंटच म्हणतो. केजी वनमधल्या मुलाला पाहुण्यांसमोर उभे करून ‘वन टू हंड्रेड’ म्हणवून घेणे हा आपला आवडता कार्यक्रम. मुलगा घडाघडा म्हणतो, टाळ्या पडतात. पण त्याच मुलासमोर सात शेंगदाणे ठेवा आणि ‘मला पाच दे’ म्हणा. पुष्कळदा तो मूठभर उचलून देतो. यात त्याचा काही दोष नाही. त्याला शंभर नावांची माळ पाठ आहे, त्या नावांच्या मागे काय आहे ते अजून कळलेले नाही.

दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. ज्या मुलाला ही माळ पाठ होत नाही, त्याला चार वर्षांच्या वयात ‘ढ’ ठरवले जाते. पाटीवर एक ते पन्नास पुन्हा पुन्हा लिहायला लावतात. चुकला की पाठीत धपाटा बसतो. रोज संध्याकाळी सहा वाजता घरात रडारड होते. अशा मुलाच्या मनात आकडा आणि भीती एकत्र जाऊन बसतात. पुढे दहावीला तो म्हणतो, ‘मला गणित जमतच नाही.’ आपण समजतो ही त्याची बुद्धी. प्रत्यक्षात ती अनेकदा जुनी भीती असते. बीजगणिताच्या फार आधी, पाटी-पेन्सिलीच्या दिवसांत ती पेरलेली असते.

संख्या म्हणजे काय?

थोडा वेळ तत्त्वज्ञानाकडे वळू या, फार नाही. टेबलावर तीन संत्री आहेत. संत्री दिसतात, त्यांचा वास येतो, चव लागते. पण ‘तीन’ कुठे आहे? तो दिसत नाही. संत्री खाऊन टाकली तरी ‘तीन’ संपत नाही. तो तीन चपलांत, तीन टाळ्यांत, तीन दिवसांतही असतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘स्वतंत्र इच्छा’ या विषयावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात याच मुद्द्यावर मनन केले आहे. संख्यांची सत्ये कोणा एकाच्या मालकीची नाहीत, डोळ्यांना दिसत नाहीत, तरी विचार करणाऱ्या प्रत्येकाला सारखीच आढळतात. या वाटेने ते मानवी मनाहून थोर अशा सत्याकडे, म्हणजे परमेश्वराकडे जातात. जुन्या करारातील ज्ञानग्रंथही (११:२०) सांगतो की देवाने सृष्टी मापाने, संख्येने आणि वजनाने रचली आहे.

एवढी अदृश्य गोष्ट चार वर्षांच्या मुलाने समजून घ्यायची आहे! ती नुसत्या पाठांतराने कशी समजणार? आधी त्याने पुष्कळ वेळा तीन गोष्टी हातात घ्याव्या लागतात, तेव्हा कधीतरी ‘तीन’ त्यांच्यापासून सुटा होऊन मनात उतरतो.

रोशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अभ्यासकांनी १९७८ साली लहान मुलांच्या मोजण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी सांगितलेल्या तत्त्वांपैकी तीन आपल्याला पुरेशी आहेत. पहिले, एका वस्तूला एकच अंक. कोणाला गाळायचे नाही, कोणाला दोनदा मोजायचे नाही. दुसरे, अंकांचा क्रम दर वेळी तोच. तिसरे, शेवटी जो अंक आला तो संपूर्ण ढिगाचा. ‘एक, दोन, तीन, चार’ म्हटल्यावर ‘मग किती?’ असे विचारले की काही मुले पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. त्यांना हे तिसरे तत्त्व अजून यायचे आहे. रागावू नका. ते येईल.

गोष्टच का?

गोष्टीत मोजायला कारण असते. वहीतले पाच फुगे मोजले काय आणि न मोजले काय, मुलाला काही फरक पडत नाही. पण मेंढपाळाचे एक मेंढरू कमी आहे म्हटल्यावर मुलाचे डोळे मोठे होतात. त्याला ते शोधायचे असते. गोष्ट त्याला काळजी करायला लावते, आणि काळजी त्याला मोजायला लावते.

कोरियात १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला दुजोरा देतो. बालवाडीतल्या एका गटाला गणिताशी संबंध असलेली गोष्टींची पुस्तके वाचून दाखवली आणि मोकळ्या वेळात खेळायला त्याच गोष्टींमधले साहित्य दिले. दुसऱ्या गटाला असे काही दिले नाही. गोष्टीवाल्या गटातली मुले गणिताच्या खेळांकडे आपण होऊन अधिक वळली आणि तिथे अधिक वेळ रमली. मारून मुटकून बसवलेले नव्हे, तर आपण होऊन रमलेले मूल, हेच तर आपल्याला हवे आहे.

ही वाट जुनी आहे

ही पद्धत परदेशातून आलेली चैन आहे असे कोणी समजू नये. डॉ. मारिया मॉन्टेसरी या कॅथोलिक स्त्री डॉक्टरने आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत उघडले. त्यांचे अंक हाताने धरायचे असत: लांबी वाढत जाणारे दांडे, खरखरीत कागदाचे अंक, दहा-दहा मण्यांच्या पट्ट्या. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांना इथेच काढावी लागली. चेन्नईच्या अड्यार येथे त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले.

आपल्या महाराष्ट्रात हे काम ताराबाई मोडक यांनी गरिबाच्या दारापर्यंत नेले. लग्नानंतर काही वर्षे आपल्या विदर्भात, अमरावतीला राहिलेल्या ताराबाई पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणात रमल्या. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि नंतर अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये काम केले. मॉन्टेसरींचे साहित्य महाग. म्हणून या दोघींनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे हेच साहित्य केले. मुले शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावर, अंगणात नेली, म्हणून ती ‘अंगणवाडी’. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली, तिच्या केंद्रांनाही पुढे हेच नाव मिळाले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. पण त्यांचा खरा सन्मान आपल्या स्वयंपाकघरातल्या वाटीभर चिंचोक्यांत आहे. ते वापरा म्हणजे झाले.

घरी करून पाहा

प्रत्येक खेळाला दहा-पंधरा मिनिटे पुरेत. आधी गोष्ट रंगवून सांगा, मग खेळ. एक सूचना आधीच: तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, नाणी, मणी देऊ नका, नाकातोंडात जातात. मोठ्यांनाही देताना जवळ बसा. लहानग्यांसाठी बटाटे, वाट्या, चमचे उत्तम.

१. दहा नाणी. सुरुवातीला सांगितलेली बाईची गोष्ट सांगा. रुपयाची दहा नाणी पाच-पाचच्या दोन ओळींत मांडा. मुलाने डोळे मिटायचे, तुम्ही एक लपवायचे. ‘किती राहिली? किती हरवली?’ मग घरभर शोध. सापडले की सर्वांनी टाळ्या वाजवायच्या, कारण गोष्टीतही आनंद झाला होता. मूल सरावले की दोन लपवा, मग तीन. नऊ आणि एक, आठ आणि दोन, सात आणि तीन, अशा दहाच्या जोड्या त्याला न शिकवता येतील. पुढे पहिली-दुसरीत हातच्याची बेरीज याच जोड्यांवर उभी राहते. चार वर्षांपर्यंतच्या मुलाला दहा जड जात असतील तर पाच नाणी घ्या. हरवलेल्या मेंढराची गोष्टही याच अध्यायात आहे, पण शंभर ही संख्या या वयाला फार मोठी आहे. तिथेही दहाच मेंढरे करा.

२. पाच भाकरी, दोन मासे. संत योहान सांगतो (६:९) की या भाकरी एका लहान मुलाजवळ होत्या. हे सांगितल्यावर आपल्या मुलाला ही गोष्ट आपलीच वाटते. कणकेच्या पाच छोट्या भाकरी आणि दोन मासे करू द्या. ‘भाकरी जास्त की मासे?’, ‘सगळे मिळून किती?’ मग जेवणाच्या वेळी त्याला वाढू द्या: प्रत्येक ताटात एक पोळी. ताट उरले की पोळी कमी पडली, पोळी उरली की माणूस कमी आले. एकास एक जुळवणे ते हेच. शेवटी उरलेल्या बारा टोपल्यांसाठी बारा वाट्या मांडा.

३. नोहाच्या तारवातील जोड्या. घरी प्रार्थनासभा असली की दाराशी चपलांचा ढीग पडतो. ते काम मुलाला द्या: ‘नोहासारख्या जोड्या लाव.’ एकटी चप्पल उरली तर तिची जोडीदार शोधा. त्यातूनच लहान-मोठी, डावी-उजवी, बाईची-माणसाची अशी वर्गवारी होते. दोन, चार, सहा हा क्रमही याच दाराशी भेटतो.

४. रात्रभर रिकामे जाळे. शून्य शिकवणे अवघड असते, कारण शून्य दाखवता येत नाही. शिमोन पेत्राने रात्रभर कष्ट केले आणि एकही मासा मिळाला नाही (लूक ५:५). जुनी ओढणी जाळे म्हणून टाका, ओढा. ‘किती मासे?’ ‘एकही नाही.’ हे ‘एकही नाही’ म्हणजे शून्य. मग येशूच्या सांगण्यावरून पुन्हा जाळे टाका, आणि या वेळी कागदाचे सहा-सात मासे आत असू द्या. रिकाम्या जाळ्याची निराशा अनुभवलेले मूल शून्य विसरत नाही.

५. टोपीविक्या आणि माकडे. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पाच वाट्या म्हणजे माकडे, पाच झाकणे म्हणजे टोप्या. एकेका माकडाला एकेक टोपी घाला. पुढच्या वेळी टोप्या चारच ठेवा. मूल न मोजताही ओरडेल, ‘एकाला नाही मिळाली!’ कमी-जास्तची समज मोजण्याच्या आधी येते, ती अशी.

६. भोपळ्यातली म्हातारी. लेकीकडे जाताना म्हातारीला रानात जनावरे भेटतात, येताना ती भोपळ्यात बसून येते. आपल्याकडे कोणी भोपळा म्हणेल, कोणी कोहळं. ‘आधी कोण भेटलं? मग कोण? शेवटी कोण?’ पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक शब्द इथे येतात. आत-बाहेर, जाड-बारीक, जवळ-लांब हेही येतात. मग अंगणात खडूने एका सरळ ओळीत दहा घरे आखा, त्यांत एक ते दहा लिहा. एका टोकाला लेकीचे घर, दुसऱ्या टोकाला म्हातारीचे. एक, दोन, तीन लिहिलेल्या चिठ्ठ्या काढायच्या आणि तितकी घरे भोपळा पुढे न्यायचा. भोपळा चार वर असताना दोन आले तर ‘पाच, सहा’ म्हणत पुढे जायचे, पुन्हा एकपासून नाही. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर यांनी २००८ साली गरीब घरांतील मुलांना असाच एक ते दहाचा पट खेळायला दिला. दोन आठवड्यांत चारच छोट्या बैठका झाल्या, तरी मुलांची अंकांची समज लक्षणीय वाढली. यासाठी वही, पुस्तक, ट्यूशन काहीही लागले नाही.

७. संत्र्याच्या फोडी. नागपूरच्या मुलाला हा खेळ शिकवावा लागत नाही! सोललेल्या संत्र्यात किती फोडी असतील, आधी अंदाज, मग मोजणी. दोघा भावंडांत सारख्या वाटा. एक उरली तर काय करायचे, हे त्यांनाच ठरवू द्या. गणित आणि प्रेम दोन्हींची परीक्षा तिथेच होते.

८. संध्याकाळची जपमाळ. जपमाळ ही प्रार्थना आहे, तिचा खेळ करू नये. पण तिची रचना पाहा: दहा-दहा मण्यांचे पाच गट. प्रार्थनेच्या वेळी मुलाला मांडीवर घ्या. एका ‘नमो मरिया’ला एक मणी, असे त्याचे बोट तुमच्या बोटाबरोबर सरकू द्या. एक दशक झाले की त्याने एक बोट वर करायचे, पाच झाली की पूर्ण पंजा. खेळायला हवी असेल तर वेगळ्या दोऱ्यात दोन रंगांचे दहा मणी ओवून द्या, पाच लाल आणि पाच पांढरे. ‘सात म्हणजे पाच आणि दोन’ हे त्याला एका नजरेत दिसू लागेल.

याशिवाय तान्हा पोळा आलाच. गल्लीतले लाकडी बैल लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत उभे करा, एका बैलाला किती पाय, दोन बैलांना किती शिंगे, विचारून पाहा. सण आपल्याला फुकट शिकवतात.

मराठीत मोजावे की इंग्रजीत?

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. शाळेत ‘वन, टू, थ्री’, आजी म्हणते ‘एक, दोन, तीन’. मूल गोंधळेल का? तीन संत्र्यांतला ‘तीन’ एकच आहे, त्याची नावे दोन. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते त्याच भाषेत तिने मोजावे. आपल्या धर्मग्रामात मल्याळम, तमिळ, हिंदी बोलणारी घरेही आहेत. त्यांनाही हेच लागू. कळलेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेणे सोपे असते. न कळलेली गोष्ट कोणत्याही भाषेत पाठांतरच राहते.

मराठी अंकांची एक अडचण मात्र खरी आहे. ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहिताना तीन आधी येतो, म्हणून मुले ३२ च्या जागी २३ लिहितात. ‘एकोणतीस’ ऐकून तिसाच्या घरात जातात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला, तो विधानसभेपर्यंत गाजला. गणित समितीच्या अध्यक्ष दिवंगत डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे एवढेच होते की मुलांना संख्या सोपेपणाने कळावी. त्या वादात कोण बरोबर, हे इथे ठरवायचे नाही. आपल्यापुरता धडा असा की सहा वर्षांपर्यंत दहापर्यंतची, फार तर वीसपर्यंतची संख्या पक्की झाली तरी पुष्कळ आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तरची घाई करू नका.

पालकांसाठी चार पथ्ये

पहिले, गोष्टीची परीक्षा करू नका. दर वाक्याला ‘किती?’ विचारले की गोष्ट मरते. एका गोष्टीत दोन प्रश्न पुरेत.

दुसरे, चूक झाली की ‘चुकलं’ म्हणू नका, ‘चल, पुन्हा मोजू’ म्हणा आणि बोट धरून मोजा. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचा एक प्रसिद्ध प्रयोग तुम्हीही करू शकता. सहा-सहा नाण्यांच्या दोन सारख्या ओळी लावा, मग मुलासमोरच एक ओळ लांब पसरवा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणेल, ‘लांब ओळीत जास्त.’ ते खोटे बोलत नाही, त्याला तसे दिसते. या वयाची समजच तेवढी असते. मारून ती वाढत नाही.

तिसरे, भावंडांची, शेजाऱ्यांच्या मुलांची तुलना नको.

चौथे, हे काम फक्त आईचे नाही. कामावरून थकून आलेल्या वडिलांनी दहा मिनिटे नाणी लपवली तरी मुलाला कळते की आपले वडील आपल्यासाठी बसले. पुस्तके हवी असतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहात मराठी चित्रगोष्टी मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात. पण मोबाईल मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका, गोष्ट तुमच्या आवाजात वाचा.

मोजण्याच्या दोन तऱ्हा

आता पुन्हा पवित्र शास्त्राकडे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात दावीद राजा आपल्या लोकांची गणना करायला सांगतो. सेनापती यवाब त्याला थांबवू पाहतो, पण राजा ऐकत नाही. लढणारे पुरुष मोजले जातात, आणि नंतर दावीदाला स्वतःलाच जाणवते की आपण मोठे पाप केले. मोजण्यात पाप ते काय? परंपरेने याचा अर्थ असा लावला आहे की दावीद आपले सामर्थ्य मोजत होता. त्याला माणसे दिसत नव्हती, आकडा दिसत होता.

याउलट मेंढपाळ मोजतो तेव्हा त्याला प्रत्येक मेंढराचा चेहरा दिसत असतो. शंभरातले एक कमी झाले की उरलेल्या नव्व्याण्णवांनी त्याचे समाधान होत नाही. प्रभू येशू तर सांगतो की आपल्या डोक्यावरचे केसदेखील मोजलेले आहेत (लूक १२:७). देवाचे गणित असे आहे.

आपण आपल्या मुलांना कोणत्या तऱ्हेने मोजतो? केजी टूच्या प्रगतिपुस्तकातल्या ग्रेडवरून, की तो आज का गप्प आहे यावरून? शंभरपर्यंत म्हणणारा तो आपल्या घराचे सामर्थ्य, आणि न म्हणणारा तो आपली लाज, असे होत असेल तर आपण दावीदाची गणना करत आहोत. गणिताला घाबरून मागे राहिलेले मूल हेही एक हरवलेले मेंढरूच आहे. वर्गात पन्नास मुले असतील तर बाईंच्या लक्षात ते येईलच असे नाही. घरातल्या माणसाच्या लक्षात यायला हवे.

आणि मुलाला मोजायला शिकवताना आपण त्याला हेही शिकवत असतो की कोणी गाळला जाता कामा नये. ताटे मोजताना कामवाल्या बाईचे ताट मोजले का? प्रार्थनेला आलेल्यांत दाराशी बसलेले आजोबा मोजले का? पाच भाकरी देणाऱ्या त्या लहान मुलाला, जवळ काय आहे ते मोजता येत होते, आणि तरी त्याने ते देऊन टाकले. आपल्या मुलांना दोन्ही यावे.

या आठवड्यात कुटुंबात बोलण्यासाठी

१. आपल्या घरात लहान मुलाशी आकड्यांबद्दल बोलताना आवाज कधी चढतो? का?

२. आजी-आजोबांना आठवणारी कोणती गोष्ट मोजण्याच्या खेळात बदलता येईल?

३. आपल्या शेजारी असे एखादे मूल आहे का, ज्याला कोणी गोष्ट सांगत नाही? त्याला आपल्या मुलाबरोबर बसवता येईल का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू बालकांना जवळ घेतलेस आणि त्यांना आशीर्वाद दिलास. आमच्या घरातल्या चिमुकल्यांना शिकवताना आम्हाला धीर दे. त्यांच्या चुका पाहून आमचा हात उगारला जाऊ नये, आमचा शब्द कठोर होऊ नये. आमच्या धर्मग्रामातील एकही मूल आमच्या मोजणीतून सुटू नये. आमेन.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला प्रभूसेवेतील,
धर्मग्रामगुरू